हायवे की आतला रस्ता? डिलिव्हरीचा रस्ता वहीत ठरवा



व्हिडिओत फळ्यावर घाईघाईत मांडलेलं गणित इथे सावकाश मांडतो. वही-पेन जवळ घेऊन बसा.

डबा, केक, भाजी, लाँड्री, धंदा कुठलाही असो. बहुतेकांना वाटतं की रस्ता ठरवणं हे गाडीवाल्या पोराचं काम. मोबाईल लावायचा आणि निळी रेघ नेईल तिकडे जायचं. पण गिऱ्हाइकाला वेळेचा शब्द तुम्ही दिलेला असतो. डबा पाऊणऐवजी सव्वाला पोचला तर फोन तुम्हालाच येणार.

उदाहरण पुण्याचं घेऊ. समजा, तुमचं किचन नऱ्ह्यात आहे आणि बाणेरच्या एका ऑफिसात रोज २५ डबे जातात. १२:४५ पर्यंत डबे टेबलावर हवेत. रस्ते दोन. पहिला म्हणजे नवले पुलावरून बायपास धरायचा आणि वारजे, चांदणी चौक करत सरळ बाणेर. दुसरा आतला: सिंहगड रोड, राजाराम पूल, कर्वेनगर, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड, विद्यापीठ चौक, मग बाणेर रोड.

कुणी म्हणेल, कोथरूडवरून चांदणी चौकात येऊन पाषाणमार्गे जाऊ की! जा, पण त्याला पर्याय समजू नका. चांदणी चौक तुंबला की बायपासही अडकतो आणि हा रस्ताही अडकतो. रस्ते दोन दिसतात, गळा एकच आहे. पर्याय तोच, ज्याचा अडकण्याचा चौक वेगळा आहे. विद्यापीठ चौकाचं दुखणं आहेच, पण ते निदान वेगळं दुखणं आहे.

आता दहा दिवस दोन्ही रस्त्यांची वेळ लिहा. दोन पोरं असतील तर एकाच दिवशी दोघांना दोन रस्त्यांनी पाठवा. नसतील तर आलटून पालटून, म्हणजे वीस दिवस लागतील. लागू देत. समजा बायपासचे आकडे असे आले: ३६, ३८, ३५, ४०, ३७, ३९, ३६, ५२, ४८ आणि एक दिवस ८५ मिनिटं. सरासरी जेमतेम ४५. आतल्या रस्त्याने सगळे दिवस ५० ते ५८ मिनिटांत, सरासरी ५४.

सरासरी बघितली तर हायवे नऊ मिनिटांनी जिंकला. पण गिऱ्हाईक सरासरी जेवत नाही. पोरगा ११:४५ ला निघाला तर आतल्या रस्त्याने दहाच्या दहा दिवस १२:४५ च्या आत पोचतो. हायवेने नऊ दिवस आरामात पोचतो, आणि दहाव्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी. ऑफिसातल्या माणसांना ते नऊ दिवस आठवत नाहीत.

पैशात बघू. २५ डबे, १२० रुपयांचा एक, म्हणजे रोजचे ३,००० आणि २२ दिवसांचे ६६,००० रुपये. आतल्या रस्त्याने रोजची नऊ मिनिटं जास्त, म्हणजे महिन्याला सव्वातीन तासांच्या आसपास. पोराचा तास ८० रुपये धरा, २६५ रुपये झाले. दोन-तीन किलोमीटरचं जादा पेट्रोल धरून पावणेदोनशे. साडेचारशे रुपयांच्या आत ६६,००० चं गिऱ्हाईक सांभाळलं जातंय. यापेक्षा स्वस्त विमा मला तरी माहीत नाही.

पेट्रोल मी फक्त जातानाचं धरलं, ते मुद्दाम. येताना रिकामे डबे घेऊन बायपासनेच यायचं. रिकामे डबे तासभर उशिरा आले तर कुणाचं काही बिघडत नाही, तिथे सरासरी वेळ कामाची. जाताना भरवशाचा रस्ता आणि येताना वेगाचा, ही जोडी फार कमी लोक वापरतात. सगळ्यांना एकच ‘आपला रस्ता’ हवा असतो.

हायवेवर एखादाच दिवस एवढा का बिघडतो? कारण बाहेर पडायला जागा मोजक्या असतात. पुढे ट्रक बंद पडला तर पुढच्या एक्झिटपर्यंत तुम्ही कैदी. आतल्या रस्त्यावर सिग्नल, बस, रिक्षा, सगळं नडतं, पण रोज थोडं थोडं नडतं आणि दर दोनशे मीटरवर गल्ली सापडते.

दुसरी गोष्ट पैशाची नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्या पुण्याला माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने एका फटक्यात डझनावारी गाड्यांना उडवलं होतं. नऱ्ह्यातून तुमचा पोरगा हायवेला लागतो तो याच पट्ट्यात, पाठीला वीस किलोची बॅग लावून. सर्व्हिस रोड जिथपर्यंत आहे तिथपर्यंत त्याने तोच धरायचा, असा नियम करा. वेळेचा दंड पोराच्या पगारातून कापणारे लोक मी बघितलेत. तो दंड पोराला ट्रकांच्या मधून गाडी घालायला लावतो. तसलं काही करू नका.

मोबाईलबद्दल दोन गोष्टी. गाडी टू-व्हीलर असेल तर गूगल मॅप्समध्ये बाईकचं चिन्ह निवडा. ही सोय भारतात २०१७ पासून आहे, तरी कितीतरी जण कारची वेळ बघून स्कूटर काढतात. आणि आदल्या दिवशी कारच्या चिन्हावर निघण्याची वेळ टाकून बघा, बऱ्याचदा ‘४० मिनिटं ते १ तास १० मिनिटं’ असं उत्तर येतं. लोक ४० वाचतात. तुम्ही ७० वाचा.

आणि मॅपने दाखवलेल्या गुप्त शॉर्टकटचं फार कौतुक नको. इंग्लंडमधल्या जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच मांडून ठेवलंय की प्रत्येक जण आपापला लवकरचा रस्ता शोधत राहिला, तर शेवटी वापरात असलेल्या सगळ्या रस्त्यांना सारखाच वेळ लागायला लागतो. तेव्हा मोबाईल नव्हता. आज तीच गल्ली एकाच मिनिटाला शेकडो जणांना दिसते.

हे सगळं डब्याचं झालं. लॅपटॉप दुरुस्तीला जाणाऱ्याने ‘दुपारी दोन ते चार’ असा शब्द दिला असेल, तर त्याने बिनधास्त हायवे धरावा, दिवसाला एखादी भेट जास्त होईल. केकवाल्या ताईंनी मात्र मिनिटांच्या आधी स्पीडब्रेकर मोजावेत. दोन मजली केकला १५ स्पीडब्रेकर म्हणजे पोचल्यावर क्रीम पुन्हा लावायची तयारी.

वहीतले आकडे कायमचे नसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकाचा नवा पूल सुरू झाला आणि त्याआधीच्या सगळ्या वेळा रद्दीत गेल्या. पावसाळ्यात पुन्हा दहा दिवस मोजा, शाळा सुरू झाल्यावर पुन्हा.

शेवटचं काम आजच करा: वाटेतलं एक ठिकाण पक्कं करा. आपल्या उदाहरणात राजाराम पूल. १२:१० पर्यंत पूल ओलांडला नाही तर पोराने गाडी बाजूला घेऊन तुम्हाला मिस्ड कॉल द्यायचा, आणि तुम्ही त्याच मिनिटाला ऑफिसला फोन करून सांगायचं, ‘साहेब, आज डबा एकला येईल.’ पाऊण वाजता त्यांचा फोन आल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

पुढच्या भागात याच डब्याला डिलिव्हरी चार्ज किती लावायचा ते बघू. वहीतले आकडे तेव्हा लागतील, भरून ठेवा.