आधी माप, मग कागद, मग गवंडी

लातूरच्या आमच्या भाड्याच्या घराचं जोतं १४ इंच उंच होतं. दाराशी दोन पायऱ्या. हे दवाखान्यातून घरी यायचे म्हणून मी घाईघाईने गवंडी बोलावला आणि त्या पायऱ्यांवरच सिमेंटचा उतार घालून घेतला. लांबी चार फूट. समोरच्या ओट्यावर एक म्हातारे मामा बसायचे, त्यांचा जन्म गवंडीकामात गेलेला. ते म्हणाले, "बाई, उतार करलालाव का घसरगुंडी?" मी हसून सोडून दिलं.

हे घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी व्हीलचेअर मागून ढकलत त्या उतारावरून वर नेत होते. निम्म्यावर माझा पाय सरकला आणि खुर्ची यांच्यासकट माझ्या अंगावर आली. यांच्या डोक्याला खोक पडली, माझं मनगट मोडलं. पुढचा दीड महिना घरात एक माणूस खुर्चीला खिळलेला आणि त्याला सांभाळणारी बाई हात गळ्यात बांधून, अशी आमची स्थिती होती.

ही २०१५ सालची गोष्ट. हे गणिताचे शिक्षक. औसा रस्त्यावर मोटारसायकलला अपघात झाला, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालची संवेदना गेली. मी शासकीय कार्यालयात लिपिक आहे. २०१८ साली माझी बदली नांदेडला झाली आणि आम्ही सरकारी निवासस्थानात राहायला आलो. दोन्ही घरं दुसऱ्याच्या मालकीची. दोन्हीकडे मी चुका केल्या आणि त्यांची किंमत यांच्या शरीराने भरली. आमच्यासारख्या प्रसंगातल्या घरांना त्या टाळता याव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

माप

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर हे मला म्हणाले, "एक इंच चढायला एक फूट उतार लागतो. मला विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं." १:१२ हे प्रमाण सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. आमच्या १४ इंचांना १४ फूट उतार हवा होता, मी चार फुटांत उरकला होता. अंगण दारासमोर जेमतेम नऊ फूट खोल. तरीही तो बसला असता. भिंतीला समांतर सात फूट उतार, त्याच्या टोकाला खुर्ची वळण्याइतकी सपाट जागा आणि तिथून मागे फिरून पुन्हा सात फूट. रुंदी चार फूट, दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून छोटा कठडा, हाताला धरायला दांडी आणि वर दारासमोर पाच फूट सपाट जागा. ती जागा नसेल, तर एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने खुर्ची उतारावर रोखून धरायची, अशी कसरत होते.

माझी चूक आकड्यांच्या आधीचीच होती. मी पायऱ्या मोजल्या नाहीत आणि ज्यांच्यासाठी उतार करत होते त्यांना विचारलंही नाही. ते पेशंट आहेत, त्यांना कशाला त्रास, असं मला वाटलं होतं.

असा विसर मी माहेरीही पाहिला होता. माझं माहेर औसा तालुक्यातल्या भूकंपग्रस्त गावातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली आणि दगडमातीची माळवदी घरं माणसांवर बसली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यापुढे ७५०. घरं भक्कम होती, आणि ज्यांनी माळवद कोसळताना पाहिलं त्यांना त्या भक्कमपणाचं मोल ठाऊक आहे. पण भिंतीखाली सापडून माझ्या काकूचा पाय कायमचा अधू झाला होता. तिच्या उंबऱ्याची उंची कोणी मोजली नाही. आम्ही घरच्यांनीही नाही. बाहेर यायचं तर तिला दोन माणसं लागत, म्हणून ती बाहेर यायचंच टाळू लागली.

तेव्हा घर मोजण्याआधी माणूस मोजा. खुर्चीची बाहेरची रुंदी किती? आमची २६ इंच. न्हाणीचं दार चौकटीच्या आत २५ इंच. त्या एका इंचासाठी मी तीन वर्षं यांना उचलून नेलं आणि माझी कंबर कायमची धरली. दार मोकळं तीन फूट असावं. ते शक्य नसेल, तर निदान दाराची फळी काढून जाड पडदा लावा, तेवढ्यानेही दीड-दोन इंच मिळतात. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी हवी, म्हणजे अंग सरकवता येतं, उचलावं लागत नाही. बसल्या जागेवरून हात किती वर पोहोचतो ते पाहून बटणं आणि कडी त्या उंचीवर घ्या. दवाखान्यातून सुट्टी मिळण्याआधी घराचे फोटो आणि मापं फिजिओथेरपिस्टला दाखवा. लागलाच तर मुक्काम दोन दिवस वाढवा. मी ते दोन दिवस वाचवले आणि दीड महिना घालवला.

आणि माप भर उन्हाळ्यातल्या घराचं घ्या. २०१६ चा एप्रिल लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. घराघरात पिंप, घागरी, टाक्या भरून ठेवलेल्या. आमच्याकडे पाच पिंपं न्हाणीत आणि बोळात उभी राहिली आणि खुर्चीची वाट बंद झाली. हे आठवडाभर खाटेवरच अंघोळ करत होते आणि एकाच स्थितीत पडून राहून त्यांच्या माकडहाडाशी दाबाची जखम झाली. संवेदना नसल्यामुळे त्यांना ती कळली नाही. मी पाहिली तेव्हा ती खोल गेली होती, भरायला चार महिने लागले. मराठवाड्यात पाणी साठवणं चुकणार नाही. म्हणून पिंपांची जागा आधी ठरवा आणि ती खुर्चीच्या वाटेबाहेर ठरवा.

कागद

लातूरच्या घरमालकांनी उताराला तोंडी होकार दिला होता. घर सोडताना त्यांच्या मुलाने उताराखाली गेलेल्या पायऱ्यांचे पैसे अनामत रकमेतून कापले. आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तरी आम्ही थोडक्यात सुटलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमचं बांधकाम उभारलं, तर घर खाली करून घेण्याचं ते एक कारण ठरू शकतं.

एवढं होऊनही मी नांदेडला तीच चूक पुन्हा केली. निवासस्थानाच्या न्हाणीचं दार बाहेर उघडेल असं करून घ्यायचं होतं आणि भारतीय बैठकीच्या जागी कमोड बसवायचा होता. संबंधित साहेब भले होते. म्हणाले, "करून घ्या मॅडम, आमची काही हरकत नाही." मी करून घेतलं. आठ महिन्यांत त्यांची बदली झाली आणि माझ्या हाती नोटीस पडली: विनापरवाना बदल, स्वखर्चाने पूर्ववत करावा, अन्यथा खर्च वेतनातून वसूल करण्यात येईल. माझा जन्म फायलींत गेला. तोंडी शब्दाला टिप्पणीत जागा नसते, हे दुसऱ्यांना सांगणारी मी स्वतःच्या घराच्या बाबतीत शब्दावर विसंबले.

आता माझी रीत सांगते. अर्ज एका पानाचा. त्यात निवासस्थान वाटपाच्या आदेशाचा क्रमांक, हवा असलेला बदल इंच-फुटांत, खर्च कोण करणार ते आणि जागा सोडताना पूर्ववत करून देण्याची हमी. सोबत दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्राची प्रत, साधा हातचा नकाशा आणि काम सुरू होण्याआधीचे फोटो. डॉक्टरांचं पत्र जरूर जोडा, पण त्यात नुसतं आजाराचं नाव नको. 'रुग्ण व्हीलचेअर वापरतो, दार मोकळे तीन फूट हवे, शौचासाठी उंच आसन आणि आधाराच्या दांड्या हव्यात' असं स्पष्ट लिहून घ्या. आजाराच्या नावावरून अभियंत्याला काही कळत नाही, इंचांवरून कळतं. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

नोटिशीनंतर मी असाच अर्ज केला. काम नियमित करून मिळायला पाच महिने लागले, पण मिळालं.

आपल्या पाठीशी कायदा आहे, हेही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर सरकारी गृहयोजनांत ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. शहरी पंतप्रधान आवास योजनेत घरवाटप करताना दिव्यांग आणि ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना तळमजला किंवा खालचे मजले प्राधान्याने द्यावेत, असं मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. घरकुलाची सोडत निघण्याआधीच हे लेखी मागा. चिठ्ठी निघून तिसरा मजला पदरात पडल्यावर बदलून मिळणं फार जड जातं. यांच्या मदतीला येणाऱ्या भाऊंची आई अशाच बिनलिफ्टच्या इमारतीत वर राहते. गुडघे गेल्यापासून ती फक्त दवाखान्यासाठी खाली उतरते.

पैशांची अडचण असेल, तर महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा. राज्यात या संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. दाद कुठेच लागली नाही, तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, असं स्पष्ट केलं आहे. या गोष्टी अर्जात नम्रपणे नमूद केल्या, तर फाईल परत येण्याची शक्यता कमी होते.

गवंडी

माप आणि कागद दोन्ही झाल्यावरच गवंडी. त्याच्याशी बोलताना या गोष्टी आग्रहाने सांगा.

आधाराची दांडी चार इंची भिंतीत नुसत्या प्लास्टिकच्या गुल्ल्या ठोकून बसवू देऊ नका. आमची तशीच होती. यांनी पूर्ण भार टाकला आणि ती गिलाव्यासकट हातात आली. अशा भिंतीला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी देऊन आरपार बोल्ट घाला. बसवल्यावर धडधाकट माणसाने लोंबकळून पाहावं, मगच ती पेशंटच्या हाती द्यावी.

न्हाणीचं दार बाहेर उघडावं. माणूस आत दाराशी पडला, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कडी बाहेरूनही निघेल अशी असू द्या.

शहाबादी असो की गुळगुळीत टाइल, ओली झाली की घात करते. फोडायची परवानगी नसेल, तर खरखरीत रबरी चटई टाका आणि रोज उचलून वाळवा. संवेदना गेलेल्या पायांवर पाणी ओतण्याआधी ते स्वतःच्या कोपराने पाहा. ऊन पाणी त्यांना भाजतं आणि कळत नाही.

भाड्याच्या जागेत शक्य तेवढं काम काढता येण्याजोगं करा. भारतीय बैठकीवर बसणारी चाकांची कमोड खुर्ची मिळते, तिला ना गवंडी लागतो ना परवानगी. बाहेरचा उतार आम्ही नांदेडला फॅब्रिकेशनवाल्याकडून चेकर प्लेटचा करून घेतला, नट-बोल्टांनी जोडलेला. घर बदललं की तो टेम्पोतून सोबत येईल. फक्त एक ध्यानात ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात लोखंडाची दांडी दुपारी हात लावू देत नाही. आम्ही तिच्यावर सुतळी गुंडाळली आहे आणि दर उन्हाळ्याआधी ती बदलतो.

नांदेडचं निवासस्थान ताब्यात आलं तेव्हा घर रिकामं होतं. सामानाचा टेम्पो यायच्या आधी हे म्हणाले, "मला आत ने आणि खडू दे." अडीच फूट सुतळीला खडू बांधून भाऊंनी यांच्या सांगण्यावरून प्रत्येक खोलीत वर्तुळ काढलं. पाच फूट व्यासाचं, खुर्ची जागच्या जागी फिरायला लागतं तेवढं. त्या रेषेच्या आत कपाट, पिंप, सोफा काहीही ठेवायचं नाही असं ठरलं. लातूरच्या तीन वर्षांत मला जे जमलं नव्हतं, ते त्यांनी एका सकाळी केलं, कारण त्या खुर्चीत बसून घर कसं दिसतं हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

आता संध्याकाळी पुढच्या खोलीत त्यांची गणिताची शिकवणी चालते. जमिनीवरचा खडू कधीच पुसला गेला आहे. पण येणारी मुलं अजूनही तेवढी जागा सोडून कडेने बसतात, आणि हे मधोमध खुर्ची फिरवत एकेकाच्या वहीपर्यंत जातात.