बचावपटूला मार्क देताना

आइस हॉकीत गोल करणारा सगळ्यांना दिसतो. बचावपटूनं होऊच न दिलेला गोल स्कोअरबोर्डवर येत नाही. त्यामुळे नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) बचावपटूला जोखताना गोल-असिस्टचा तक्ता आधी बाजूला ठेवा. १९८२-८३ च्या मोसमात वॉशिंग्टनच्या रॉड लँगवेचे गोल फक्त तीन होते, तरी सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्यालाच मिळाली.

प्लस-मायनसवरही विसंबू नका. पॉवर प्लेवरचे, म्हणजे प्रतिस्पर्धी शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असताना झालेले गोल सोडून, खेळाडू बर्फावर असताना संघानं गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक, असा हा साधा हिशेब. पण संघ हरत असताना शेवटच्या मिनिटांत प्रशिक्षक गोलरक्षकाला काढून जादा आक्रमक उतरवतो, आणि तेव्हा बर्फावर असतो तो संघाचा सगळ्यात हुशार बचावपटू. रिकाम्या जाळ्यात पक गेला की उणे त्याच्या नावावर! २०२२-२३ मध्ये सॅन होजेच्या एरिक कार्लसनचे गुण (गोल अधिक असिस्ट) १०१ आणि प्लस-मायनस उणे २६ होतं. त्या वर्षीची नॉरिसही त्याचीच. यातला कुठलाही एक आकडा धरून बसलात तर अर्धाच माणूस दिसेल.

आता पाच विरुद्ध पाच खेळातले आकडे वेगळे काढा. पॉवर प्लेचे त्यात मिसळू नका. तुमचा बचावपटू बर्फावर असताना दोन्ही संघांनी किती फटके मारले ते पाहा. अडवलेले आणि हुकलेलेही धरा. याला कोर्सी म्हणतात. मग तोच हिशेब तो बाकावर असतानाचा काढून शेजारी ठेवा. जोडीदार कोण, समोर कुणाची फळी, पक टाकून खेळ सुरू करण्याचा फेसऑफ कुठल्या टोकाला, हेही लिहा. घरच्या सामन्यात खेळाडू बदलण्याची शेवटची संधी यजमानांना असते, त्यामुळे कच्च्या बचावपटूला तगड्या फळीपासून लपवता येतं. बाहेरच्या मैदानावरचे सामने म्हणून जास्त बोलके.

खरी मजा व्हिडिओत. सामना लावा आणि पक सोडून फक्त त्याच्याकडे पाहा. प्रतिस्पर्धी पक घेऊन त्याच्या टोकाच्या निळ्या रेषेकडे येताना तो मागे मागे सरकतो, की अंतर कमी ठेवून रेषेवरच उभा ठाकतो? वहीत तीन रकाने करा: पक घेऊन आत आला, पक आत फेकावा लागला, पक हिसकावला गेला. पहिला रकाना भरत चालला तर समजा, रेषेवर पाणी मुरतंय. मग जाळ्यामागे पक उचलतानाचा क्षण पाहा. पकपर्यंत पोचण्याआधी खांद्यावरून मागे नजर टाकतो का? पहिला पास थेट सहकाऱ्याच्या काठीवर, की घाबरून काचेवर आपटून बाहेर? एका सामन्यावर निकाल देऊ नका; पाच-सहा तरी बघा.

धडका आणि अडवलेले फटके मोजायचे असतील तर मोजा, मार्क मात्र हात राखून द्या. पक सारखा आपल्याच टोकाला असेल तर फटके अडवावेच लागतात. धडकांची नोंद तर मैदानागणिक बदलते. शिवाय धडकांवाचूनही चांगला बचाव होतो: सभ्य खेळासाठीची लेडी बिंग ट्रॉफी २०२१ आणि २०२४ मध्ये कॅरोलायनाच्या जेकब स्लेव्हिनला मिळाली, आणि तो लीगमधल्या उत्तम बचावपटूंपैकी एक आहे.

वही आणि आकडे जुळले नाहीत, तर तो बर्फावर असताना संघानं खाल्लेले गोल पुन्हा लावा. सुटलेले साधे फटके गोलरक्षकाच्या खात्यात टाका, बचावपटूच्या नाही.