साडेनऊ मिनिटांचा हिशेब

मुंबई–पुणे एक्सप्रेस वेवर ताशी १०० किलोमीटरचा फलक दिसला की पुष्कळांना तो उगाच टोचतो. रस्ता गुळगुळीत, समोर मोकळं, गाडी दमदार. मग पाय आखडता का घ्यायचा? वर्षानुवर्षं स्टिअरिंगमागे बसून माझं मत असं झालंय की इथे आपली चूक हिशेबात होते. वेगाने मिळणारा वेळ आपण फुगवून मोजतो आणि त्याची किंमत मोजायची राहूनच जाते. म्हणून आधी वेळच मोजू. हा रस्ता सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. सबंध अंतर १०० ने कापलं तर ५७ मिनिटं लागतात, १२० ने कापलं तर ४७. एकही ट्रक आडवा आला नाही, टोलनाका लागला नाही, बोरघाट वाटेत नव्हताच, एवढं सगळं गृहीत धरूनही फायदा साडेनऊ मिनिटांचा! प्रत्यक्षात घाटात मोटारींची मर्यादा ६० वर येते आणि अवजड वाहनं तर त्याहूनही हळू चढत असतात. हाती उरतात पाच-सहा मिनिटं, आणि शहरात शिरताना पहिल्याच कोंडीत तीही जातात.

आता किंमत. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. पुढे काहीतरी आडवं आलंय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला असं धरा. तेवढ्यात ४२ मीटर मागे पडतात आणि ब्रेकला अजून पायही लागलेला नसतो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर गाडी थांबायला साधारण ५५ मीटर. एकूण ९७. हाच हिशेब १२० ला केला तर आधी ५० मीटर, मग जवळजवळ ८०, म्हणजे एकूण १३० मीटर होतात. वेग पाचव्या हिश्शाने वाढला, थांबायचं अंतर मात्र तिसऱ्या हिश्शाने वाढलं, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पण माझ्या मते खरी धडकी भरवणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या जागी १०० ची गाडी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी १२० ची गाडी, पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही, ताशी ७५ च्या आसपास वेगाने जात असते. समोर बंद पडलेला ट्रक असेल तर पहिल्या गाडीतले लोक घाबरतात, दुसऱ्या गाडीतल्यांना बाहेर काढावं लागतं. पावसात आणि घाटातल्या धुक्यात हे सगळे आकडे आणखी ताणले जातात.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदले गेले. या रकान्यावर शंका घेणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही. पंचनामा करताना 'अतिवेग' लिहिणं सोपं, खड्डा किंवा चुकीचं वळण लिहिणं अडचणीचं. म्हणून मी त्या एका आकड्यावर विसंबत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेत तेलटंचाईमुळे १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७३ च्या सुमारे ५४,००० मृत्यूंच्या जागी त्या वर्षी सुमारे ४५,००० झाले. लोकांनी गाड्याही कमी चालवल्या, हे श्रेय वजा करायलाच हवं. पण सगळं श्रेय काही त्यात जात नाही.

आता नेहमीचे आक्षेप. 'माझ्या गाडीला पाच तारे आहेत, सहा एअरबॅग आहेत.' असतील, पण हे तारे देणाऱ्या भारत एनकॅपची समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. १२० ला ऊर्जा त्याच्या साडेतीन पट असते आणि तिथले तारे कुणी मोजलेले नाहीत. 'जर्मनीत ऑटोबानवर मर्यादाच नाही.' मोठ्या भागावर नाही, हे खरं. पण तिथेही १३० चा वेग सुचवलेला आहे आणि तिथल्या हळू लेनच्या, म्हणजे उजव्या, बाजूने ओव्हरटेक करायला मनाई आहे. आपल्याकडे ज्या बाजूला फट दिसेल ती ओव्हरटेकची लेन! सगळ्यात चलाख आक्षेप असा: 'सगळेच १२० ने जातात, मी १०० ने गेलो तर मीच अडथळा.' वेगांतला फरक धोक्याचा असतो, हे मान्य. पण रस्त्यावर ८० ची मर्यादा असलेले ट्रक आणि बस आहेतच. १२० ने जाणारा तो फरक दुप्पट करतो. १०० ने चालणाऱ्याने सगळ्यात उजवी लेन अडवून धरू नये, एवढंच त्याचं कर्तव्य.

उरतो समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, मोटारींना १२० ची मुभा. तिथे १४० ने गेलं तर हिशेबाने पाऊण तासाहून अधिक वाचतो, आणि हा फायदा मी नाकारत नाही. पण तो सरळसोट रस्ताच डोळ्यांवर झापड आणतो. चालकाला दर दोन तासांनी चहाला उतरायचंच असतं, वाचवलेली मिनिटं त्यातच जायला हवीत. ती वाचवण्यासाठी जो चहाही टाळतो, त्याच्या गाडीत मी बसणार नाही. दुसरी गोष्ट टायरची. हवा कमी असलेला टायर धावताना जास्त दबतो, तापतो, आणि वेग जितका जास्त तितका लवकर फुटतो. म्हणून निघायच्या आधी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब बघून हवा तपासा, स्टेपनीचीसुद्धा. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. आरशावरही नजर असू द्या, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारा ट्रक तुमच्या मागेही असू शकतो. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की तीन सेकंद मोजा, त्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात तर अंतर कमी आहे. आणि कॅमेऱ्याच्या कमानीखाली ब्रेक मारून पुढे पुन्हा पाय दाबणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की एक्सप्रेस वेवर दोन कमानींमधला वेळ मोजून सरासरी वेगही काढला जातो. चालान घरपोच येतं.