चार बोटांचे अंतर

खरे आणि खोटे ह्यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपले वाडवडील सांगत आले. डोळा व कान ह्यांमध्ये चार बोटे मावतात. म्हणून पाहिले ते खरे आणि नुसते ऐकले ते खोटे, असा ह्या म्हणीचा भाव आहे. परंतु घरोघरी मोबाईल आल्यापासून हे अंतरही मिटले आहे, कारण आता डोळ्यांनी पाहिलेलेही खोटे निघते. म्हणून मुलांस पारख कशी शिकवावी, ह्याचा आईबापांनी व शिक्षकांनी विचार करणे अगत्याचे आहे.

२०१८ साली एक व्हिडिओ देशभर फिरला. मोटारसायकलवरून दोघे येतात व रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, एवढेच त्यात दिसे. वस्तुतः कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेले ते बोधचित्र होते. मूळ चित्रात ते दोघे परत येऊन मुलास सोडतात व पालकांस सावध करणारा फलक दाखवितात. कोणी तरी हा शेवट कापून टाकला, आणि सावधगिरीच्या धड्याचे विष झाले.

मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवा त्या वर्षी धुळे जिल्ह्यातही पसरल्या होत्या. १ जुलै रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे पाच जण तेथे आले. जमावाने त्यांस मुले पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले व ठार मारले. ते निरपराध होते. मारणाऱ्यांतही लेकुरवाळी माणसे असतील. परंतु पारखेवाचून मायाही आंधळी होते.

हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या श्रीगोंदा तालुक्यातही ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बहुरूपी व गोसावी दारी उभे राहतात. अनोळखी माणसाविषयी खोटी साक्ष देण्यास आता तोंड उघडावे लागत नाही. एक बोट पुरते.

तर मुलांस चार बोटांवर मोजता येतील असे चार प्रश्न शिकवावे. पहिला : हे मुळात कोणी सांगितले? पाठविणारा मामा ओळखीचा असला, तरी सांगणारा मामा नव्हे. दुसरा : हे कोठले व केव्हाचे? तिसरा : ह्याच्या आधी व नंतर काय होते? चौथा : हे मजकडून काय करवू पाहते? जो निरोप एकदम राग किंवा भय उत्पन्न करतो व लगेच पुढे धाडा म्हणतो, त्याच्यापाशी अधिक थांबावे. औषधाची जाहिरात असो वा निवडणुकीचा प्रचार, हेच प्रश्न लागू पडतात.

केरळातील कन्नूर जिल्ह्यात २०१८ साली सुमारे १५० सरकारी शाळांतून असे शिक्षण देण्यात आले. त्या उपक्रमाचे नाव ‘सत्यमेव जयते’. आपणही घरी आरंभ करू शकतो. दहा मुलांस ओळीने बसवून एकाच्या कानात एक वाक्य सांगावे व शेवटच्याने काय ऐकले ते मोठ्याने म्हणवावे. मुले हसतील, आणि त्या हसण्यातच शिकतील.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या. सर्वच खोटे आहे असे मानणारे मूलही फसलेलेच होय. खरे ते खरे म्हणणे हाही पारखेचाच भाग आहे. दुसरे असे की, मुलाने “बाबा, हे तुम्हांला कोठून कळले?” असे विचारले, तर त्यास उद्धट म्हणून गप्प करू नये. ज्यास घरात बापाला विचारण्याची मुभा नाही, तो उद्या बाजारात जमावाला काय विचारणार? आणि राईनपाड्यास त्या दिवशी गरज होती ती असे विचारून जमावास थांबविणाऱ्यांची.