साथींचे करार आणि आपली संसद

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि त्याच्या धास्तीने पुढच्याच वर्षी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे हिंदुस्थानातर्फे बोलले ते इंग्रज सरकार. येथील रयतेला कोण विचारतो?

आज आपण स्वतंत्र आहोत. तरीही परराष्ट्रांशी होणाऱ्या करारास संसदेची पूर्वसंमती हवीच, असे आपली राज्यघटना म्हणत नाही. करार करणे हा केंद्र सरकारच्या कार्यकारी अधिकाराचा भाग मानला जातो. करारापायी देशातला कायदा बदलावा लागला, तरच संसदेकडे जावे लागते. मग मात्र कलम २५३ अन्वये ती राज्यसूचीतील विषयावरही कायदा करू शकते, आणि सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे नेमके राज्यसूचीतले विषय आहेत. न्हावा-शेवासारख्या बंदरावरील क्वारंटाइन केंद्राकडे; पण २०२० साली वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कोविड रुग्णालय उभारले ते नवी मुंबई महापालिकेने. म्हणजे सही दिल्लीची, खाटा आपल्या!

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. तो अंमलात येण्यास साठ देशांचे अनुसमर्थन लागते. भारताने ते देण्याआधी कराराचा मसुदा निदान राज्यसभेपुढे चर्चेस ठेवावा, असे आम्हांस वाटते; ती राज्यांचीच सभा आहे.