जखम झाली: पैसे कुठे लागतात, कुठे नाही

ऊसतोडीचा कोयता, विड्या वळणारीची कात्री आणि हायवेवरची दुचाकी. निपाणी-बेळगाव पट्ट्यात जखमा होतात त्या बऱ्याचदा यांच्यामुळे. रक्त थांबवायला सहसा एक पैसाही लागत नाही. खर्च वाढतो तो भलते उपाय केल्याने.

पहिली दहा मिनिटे: खर्च शून्य
धुतलेला पंचा किंवा ओढणी घडी करून जखमेवर ठेवा आणि तळव्याने घट्ट दाबा. दहा मिनिटे घड्याळ लावून. थांबले का म्हणून मध्येच उचलून बघू नका, धरू लागलेली गुठळी निघते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हळद, चहापूड, तंबाखू, चुना यातले काहीही भरू नका. डॉक्टरांना ते आधी साफ करावे लागते, आणि जखम चिघळली की ड्रेसिंगच्या फेऱ्या वाढतात. रुतलेली काच उपसू नका, तिच्या कडेने दाबा.

घरची पेटी: साधारण दीडशे-दोनशे रुपये
निर्जंतुक गॉज, रोल पट्टी, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन मलम. जखमेवर थेट कापूस नको, तंतू चिकटतात.

टाके आणि इंजेक्शन
सरकारी दवाखान्यात टाके फुकट किंवा नाममात्र खर्चात पडतात. खासगीत नुसते ‘टाक्याचे किती?’ विचारू नका. भूल, साहित्य, पुढची ड्रेसिंग आणि टाके काढणे धरून किती, ते विचारा. दरपत्रक दर्शनी लावणे कर्नाटकात कायद्याने बंधनकारक आहे. धनुर्वाताचे मूळ डोस पूर्ण असतील, तर शेवटच्या डोसपासून स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षे आणि माती-शेणाच्या जखमेला पाच वर्षे नवे इंजेक्शन लागत नाही. कुत्रे चावले तर पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याने धुवा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

थांबू नका तेव्हा
रक्त उसळतेय, दाबूनही थांबत नाही, बोट सुन्न पडलेय किंवा वळत नाही, तर १०८ लावा. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे नंबर हाच, रुग्णवाहिका मोफत. निपाणीहून कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय सुमारे ४० किलोमीटर, बेळगावचे बिम्स हे सरकारी रुग्णालय त्याच्या जवळपास दुप्पट.

रस्ते अपघातातील जखमींना मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे कॅशलेस उपचार मिळतात, पण पूर्ण उपचार नेमलेल्या रुग्णालयातच. त्यासाठी पोलिसांची नोंद लागते, म्हणून जखमीला नेता नेताच ११२ वर कळवा.