निळ्या खुणेची जागा



गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी माझ्या हातून एक चूक घडली. घाईघाईत मी माझी गाडी फाटकाजवळ, चाकाच्या खुर्चीची निळी खूण असलेल्या जागेत लावली. थोड्या वेळाने आपल्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांना घेऊन त्यांचा मुलगा आला. लांब उतरून चढ चढणे आजोबांना शक्य नव्हते. नातीचे नृत्य न पाहताच ते माघारी गेले. दुसऱ्या दिवशी मी घरी जाऊन त्यांची क्षमा मागितली. तेव्हा त्यांनी विचारले, "सर, त्या जागेसाठी परवाना कुठे मिळतो?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून हा पाठ आधी मी शिकलो.

ब्रिटनमध्ये अशा व्यक्तींना 'ब्लू बॅज' मिळतो व तो गाडीच्या पुढच्या काचेपाशी ठेवतात. आपल्याकडे केवळ पार्किंगसाठी देशभर चालणारा वेगळा परवाना नाही. आपली ओळख सिद्ध करणारा कागद म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यासोबतचे 'यूडीआयडी' कार्ड. ते संपूर्ण भारतात ग्राह्य आहे. ते असे मिळवावे:

१. 'स्वावलंबन कार्ड' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरावा. आधार, पत्त्याचा पुरावा व अलीकडचा फोटो जवळ ठेवावा.

२. अर्जात रुग्णालय निवडावे लागते. पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके उत्तर गोव्यात येतात. आपले जिल्हा रुग्णालय म्हापशाला आहे.

३. तपासणीची तारीख पक्की झाल्यावरच निघावे. आजारी माणसाची बसची फेरी फुकट जाऊ नये. जुने उपचाराचे कागद सोबत न्यावेत.

४. दाखला नाकारल्यास कारण लेखी मागावे. तो आपला हक्क आहे. त्याविरुद्ध अपीलही करता येते.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास आरक्षण व अनेक सरकारी योजनांसाठीही हा दाखला उपयोगी पडतो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ साली झाला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले. त्यांत पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारखे आजारही आहेत. म्हणून "हा तर चांगला चालतो, याला जागा कशाला?" असे कुणालाही पटकन म्हणू नये. बसस्थानक, रेल्वे स्थानक व विमानतळ येथील पार्किंग दिव्यांगांना वापरता येईल असे असावे, हेही याच कायद्यात आहे.

ही जागा इतरांपेक्षा रुंद का असते? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती ३.६ मीटर रुंद हवी. गाडीचे दार पूर्ण उघडून चाकाची खुर्ची शेजारी उभी राहावी लागते. शेजारी कुणी स्कूटर घुसवली तरी माणूस आतच अडकतो.

उपक्रम : सातवी व आठवीच्या विद्यार्थ्यांनी टेप घेऊन आपल्या शाळेतील जागा मोजावी व माप वर्गशिक्षकांकडे द्यावे. कमी भरल्यास आपण ती नव्याने आखू. ज्यांच्या घरी इंटरनेटची सोय नाही, त्यांनी शनिवारी शाळेच्या संगणक कक्षात यावे. अर्ज आपण मिळून भरू.

आजोबांचा अर्ज भरून झाला आहे. कार्ड येईल तेव्हा येईल. पुढच्या स्नेहसंमेलनाला ती जागा मात्र रिकामी असली पाहिजे. ती जबाबदारी माझी, आणि तुम्हा सर्वांचीही.

— मुख्याध्यापक